एक्स्टसी २४० रुपये, प्लेझर ७०

आधी निकाल सांगून टाकते, कारण परीक्षण लांबणार आहे. आइस्क्रीम उत्तम, ब्राउनी बरी, कॉफी नको, बसायची सोय फक्त तरुण गुडघ्यांसाठी, आणि मेनूकार्ड असं की ते वाचायला वेगळा वेळ काढून जावं. नाशिकच्या कॉलेज रोडवर डेझर्टच्या दुकानांची जी रांग लागली आहे, त्यातलंच हे एक. नाव लिहीत नाही. चालवणारी बहीण-भाऊ दोघं कष्टाळू आहेत, आणि माझी निम्मी तक्रार त्यांच्या स्वयंपाकघराविषयी नाहीच, त्यांच्या शब्दार्थांविषयी आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असे. मुलं निफाड, दिंडोरी, सिन्नरकडची, एसटीचा पास खिशात घेऊन येणारी. त्यांच्या निबंधात आनंदाला एकच इंग्रजी शब्द असायचा. आजी आली, आय वॉज हॅपी. पाऊस पडला, फार्मर्स आर हॅपी. द्राक्षाला भाव मिळाला, व्हेरी व्हेरी हॅपी. समासात लाल शाईनं दुसरे शब्द सुचवता सुचवता माझी नोकरी संपली. या दुकानात बरोबर उलटं झालंय. इंग्रजीत आनंदासाठी म्हणून जे जे सापडलं ते सगळं एका कार्डावर आणलंय, आणि कॉलेजची पोरं काय, घरची वडीलधारी काय, सगळ्यांना कळावं म्हणून प्रत्येकाखाली मराठी अर्थही छापलाय. मँगो डिलाइट: आनंद. ब्राउनी ब्लिस: परमानंद. बेल्जियन एक्स्टसी: अत्यानंद. रेड व्हेल्वेट रॅप्चर: पुन्हा अत्यानंद. कॉफी युफोरिया: अति आनंद, हा मात्र सुटा लिहिलेला. जॉय बाइट्स: आनंद. सिंपल प्लेझर: साधा आनंद. आणि गुलाबाच्या स्वादाच्या आइस्क्रीमखाली, मला वाटतं सगळ्यात सुंदर, 'तुर्की आनंद'.

माझ्याबरोबर वन्सं होत्या. त्यांना साखरेचा त्रास. चष्मा वर-खाली करून त्यांनी कार्ड पूर्ण वाचलं आणि काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "बाळा, यातलं कमी आनंदाचं कोणतं?"

मुलगा अजिबात गोंधळला नाही. "मावशी, सिंपल प्लेझर घ्या. एकच स्कूप येतो."

त्या मुलाला दहापैकी दहा. बाकीच्यांचे गुण मात्र मी माझ्या पद्धतीनं देणार आहे. नाव काय कबूल करतं आणि कपात काय येतं, एवढंच बघायचं.

मँगो डिलाइट, १६० रुपये. फेब्रुवारीत मँगो म्हणजे डब्यातला रस हे आपल्याला कळायला हवं, पण भिंतीवरच्या फोटोत हापूसच्या फोडी अशा मांडल्या आहेत की माणूस भुलतो. आता गंमत अशी की हे भुलवणं त्या शब्दाच्या पोटातच आहे. डिलाइटचं मूळ लॅटिन, आणि त्या मुळाचा अर्थ आमिष दाखवून ओढणं. तिथून तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचं स्पेलिंग साधं होतं, डी-ई-एल-आय-टी-ई. सोळाव्या शतकात लोकांनी 'लाइट', 'नाइट' यांच्या नादानं त्यात जीएच घुसडलं. उजेडाशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे वर्गात सांगितलं की मागचा बाक एकदम खूश व्हायचा. "म्हणजे बाई, स्पेलिंग त्यांनीच चुकवलं आणि मार्क आमचे कापता!" या युक्तिवादाला मला कधीही उत्तर सापडलं नाही.

अर्थाचं म्हणाल तर डिलाइट हा आनंदाचा छोटा, चपळ प्रकार. त्यात थोडं अनपेक्षित लागतं. ठरल्याप्रमाणे पाहुणे आले तर आपण 'प्लीज्ड'. न कळवता आले आणि तरीही बरं वाटलं, तर 'डिलाइटेड'. शिवाय 'व्हेरी डिलाइटेड' म्हणत नाहीत. शब्द आधीच जोरदार आहे, त्याला 'व्हेरी' लावणं म्हणजे 'फार तुडुंब' म्हणण्यासारखं. मोठ्यानं म्हणायचंच असेल तर 'अब्सोल्यूटली' लावायचं. कपातल्या रसात अनपेक्षित असं काही नव्हतं. दहापैकी चार.

जाता जाता, याच मुळातून इटालियन वाटेनं 'डिलेटांट' आलाय. आज इंग्रजीत तो जरा नाक मुरडून वापरतात, वरवरचं काम करणारा अशा अर्थानं. पण मुळात तो आपला हौशी माणूस. नाशिकच्या हौशी नाटकवाल्यांनी तो शिवी म्हणून घेऊ नये.

ब्राउनी ब्लिस, १९०. ब्राउनी गरम, वर व्हॅनिला, वितळण्याचा वेग योग्य. ब्लिस हा जुना अस्सल इंग्रजी शब्द, फ्रेंचमधून न आलेला. तो 'ब्लाइद' म्हणजे प्रसन्न या शब्दाच्या कुळातला. 'ब्लेस'शी त्याचं नातं नाही, पण शेकडो वर्षं शेजारी राहिल्यानं त्याचा वास याला लागला आणि ब्लिसला स्वर्गाची झाक आली. ब्लिसमध्ये काही मागणं उरलेलं नसतं, आरडाओरडा नसतो. म्हणून 'परमानंद' हा या कार्डावरचा त्यातल्या त्यात जमलेला अर्थ. फक्त तो घ्यायला दुकानात शांतता हवी. आमच्या शेजारच्या टेबलावर वाढदिवस होता, त्यात तो फेसाचा फवारा, आणि वर एसीच्या आवाजावर मात करणारं गाणं. ब्राउनीला सात, ब्लिसला शून्य.

आता २४० रुपयांची बेल्जियन एक्स्टसी. कार्डावरचं सर्वांत महाग नव्हे, पण सर्वांत जास्त खपणारं. काचेच्या उंच ग्लासात तीन प्रकारचं चॉकलेट, त्यावर सॉस, त्यावर वेफर, त्यावर अजून एक आख्खं बिस्किट. एक्स्टसी ग्रीक. स्वतःच्या बाहेर उभं राहणं हा तिचा मूळ अर्थ. मराठीत याला सरळ, वापरातला शब्द आहे, भान हरपणं. कीर्तनात हरपतं, गाण्यात हरपतं. त्याला 'अत्यानंद' म्हणणं म्हणजे वजनकाट्यावर आनंद चढवून 'जरा जास्त भरला' म्हणणं झालं. एक्स्टसीत आनंदाचं वजन वाढत नाही, वजन करणारा माणूसच जागेवर नसतो. या ग्लासानं चौथ्या चमच्याला जिभेचं भान हरपलं खरं, कारण पुढे तिन्ही चॉकलेटं एकच लागायला लागली.

आणखी एक गोष्ट मी त्या बहिणीला हळू आवाजात सांगितली. एक्स्टसी हे एमडीएमए नावाच्या अमली पदार्थाचं बाजारातलं नाव आहे. पोलिसांनी गोळ्या पकडल्या अशा बातम्यांत तो शब्द येतो. कॉलेजच्या पोरानं घरी फोन करून "आई, मी एक्स्टसी घेऊन येतोय" म्हटलं तर आईचं काय होईल? ती हसली. म्हणाली, "मॅडम, म्हणूनच खपते."

रॅप्चरवर वेळ घालवत नाही. लॅटिनमध्ये झडप घालून पळवणं, शिकारी पक्ष्याला 'रॅप्टर' म्हणतात तोच धातू. मन कोणीतरी उचलून नेलं, असा भाव. केकचा वरचा लाल तुकडा वन्संनी माझ्या बशीतून उचलला, साखरेचा त्रास असूनसुद्धा. तेवढंच रॅप्चर.

युफोरियाही ग्रीकच, आणि मुळात वैद्यकातला. आजाऱ्याला बरं वाटू लागणं. पुढे त्यात संशय शिरला. माणूस बरा नाही, पण त्याला मात्र फारच बरं वाटतंय, असा. १५० रुपयांच्या त्या थंड कॉफीला बरं वाटत असेल तर असो, मला नाही वाटलं. पावडर तळाशी, पाणी वर. जॉय बाइट्स मागवले तर मुलगा म्हणाला, "जॉय संपला, मावशी." आता ब्रिटिश बोलीत काम झालं नाही, वस्तू मिळाली नाही, की 'नो जॉय' म्हणतात. एवढं अचूक इंग्रजी मला कॉलेज रोडवर अपेक्षित नव्हतं. हा खरा डिलाइट.

कार्डाच्या मागच्या पानावर चौघांसाठी ३९० रुपयांचा 'हेडोनिस्ट प्लॅटर' आहे. अर्थ दिलाय 'सुखवादी थाळी'. आम्ही दोघी, त्यामुळे मागवला नाही, पण मी त्या पानावर बराच वेळ थांबले. हेडोनिस्टच्या मुळाशी ग्रीक 'हेडोनी' म्हणजे सुख, आणि त्याच्याही मागे 'हेडिस' म्हणजे गोड. हा 'हेडिस' आणि आपला संस्कृत 'स्वादु' एकाच मुळाचे आहेत. ग्रीकनं सुरुवातीचे स आणि व गाळले, उरला नुसता ह. इंग्रजीतला 'स्वीट' त्याच घरचा. एखाद्याला गोड बोलून पटवणं या अर्थाचा 'पर्सुएड'ही तिथलाच. आता पानाच्या माथ्यावर बघा, 'स्वीट्स', मधे 'हेडोनिस्ट', तळाला दुकानाचं ब्रीद, 'स्वाद जो लक्षात राहील'. हे अजाणता जमून आलंय. प्लॅटर खाल्लेला नाही, म्हणून गुण देत नाही. पानाला नऊ.

तुर्की आनंदाची हकिकत अशी की ती वडी तुर्कांची, तिचं नाव लोकुम. पिठूळ पदार्थ आणि साखर शिजवून, गुलाबपाणी घालून करतात. जुनं पूर्ण नाव 'गळ्याला आराम' अशा अर्थाचं अरबी आहे. इंग्रजांना ते उच्चारेना, म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांनी तिला 'टर्किश डिलाइट' म्हणायला सुरुवात केली. दुकानात तिचं आइस्क्रीम करतात, त्यात वडी नाहीच, गुलकंद आहे. छान आहे, ११० रुपये. पण मग सरळ गुलकंद म्हणा ना. गुलकंद म्हटल्यानं कुणाची मान खाली जाते?

आता प्लेझर. ७० रुपये, एक स्कूप, आणि मुख्य म्हणजे स्वाद आपण निवडायचा नाही. कार्डावर लिहिलंय की आजचा स्वाद दुकान ठरवेल. माझ्यातली मास्तरीण इथं सुखावली, कारण प्लेझर हा शब्द इतक्या नेमकेपणानं मी फक्त भारताच्या संविधानात पाहिला होता. अनुच्छेद ३१० काढा. केंद्र सरकारची नागरी सेवेतली माणसं राष्ट्रपतींच्या 'प्लेझर'पर्यंत पदावर असतात, राज्यातली राज्यपालांच्या. राज्यपाल स्वतः राष्ट्रपतींच्या प्लेझरपर्यंत, अनुच्छेद १५६. तिथं प्लेझर म्हणजे मर्जी. आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. त्यांची सबंध नोकरी प्लेझरवर झाली, आणि ३११ मध्ये चौकशीशिवाय काढता येणार नाही अशी सोय असल्यामुळे निवृत्तीपर्यंत सुखरूप झाली. त्या काळात त्यांना त्यात फारसं प्लेझर मिळाल्याचं मात्र आठवत नाही.

शब्दाचं मूळ लॅटिन 'प्लासेरे', पसंत पडणं. डॉक्टर कधी औषध नसलेली गोळी देतात ती 'प्लसीबो', म्हणजे 'मी खूश करीन', त्याचाच भाऊ. म्हणून प्लेझरमध्ये कुणाची तरी पसंती असते. डिलाइट होतो, जॉय भरून येतो, प्लेझर घेतला जातो. वाचनाचं प्लेझर असतं, जेवणाचं असतं, दुसऱ्याची फजिती बघण्याचंही असतं, त्याला जर्मनकडून वेगळा शब्द उसना आणलाय. जॉय असा फजितीला लावता येत नाही.

आणि एक वापर, जो इथल्या पोरांना शिकवायला हवा. मी पाणी मागितलं. मुलगा म्हणाला, "माय प्लेझर, मॅम." पाणी यायचं होतं अजून. काम करायचं कबूल करताना 'विथ प्लेझर' म्हणतात. काम झाल्यावर समोरच्यानं थँक्यू म्हटलं, की मग 'माय प्लेझर'. पाणी आलंच नाही, ३० रुपयांची बाटली आली, त्यामुळे दुसरा प्रसंग उद्भवला नाही.

पण तो स्कूप! त्या दिवशी दुकानाची मर्जी काळ्या द्राक्षांवर होती. शरद सीडलेस, पिंपळगावकडच्या त्यांच्या मामांच्या बागेतली. नाशिकमध्ये द्राक्षं आपण पेटीनं खातो, त्यामुळे द्राक्षाचं आइस्क्रीम कुणी पुढे केलं की मी सावध होते. बहुतेक ठिकाणी तो जांभळा रंग आणि सरबताचा वास असतो. द्राक्षात पाणी फार, तसंच गोठवलं तर दातांखाली बर्फाचे खडे येतात. भावाला विचारलं तर म्हणाला, "रस आधी आटवतो मॅडम, निम्म्याच्या खाली. सालं थोडी तशीच ठेवतो." ती सालंच खरी करामत. गोडाच्या मागून जराशी तुरट चव येते आणि पुढचा चमचा घ्यावासा वाटतो. साखर कमी. वन्संनी अर्धा स्कूप खाल्ला, मग डोळे मिटून उरलेलाही. दहापैकी साडेनऊ. अर्धा गुण कागदी कपाचा कापला, शेवटी त्याचा लगदा जिभेला लागतो.

याच्या खालोखाल लेमन झेस्ट सॉर्बे, ९० रुपये. झेस्ट फ्रेंचमधून आला तो लिंबा-संत्र्याच्या सालीचा अर्थ घेऊन. साल किसून घातली की पदार्थाला चव चढते, म्हणून मग झेस्ट म्हणजे खुमारी, आणि तिथून माणसाची उमेद. या सॉर्बेत खरोखर किसलेली साल आहे, ताजी, कडवट होऊ न देता वरची पिवळी तेवढी. म्हणजे सबंध कार्डावर एवढा एकच इंग्रजी शब्द आपल्या मूळ जागी, आपल्या मूळ कामावर आहे. त्याखाली मराठीत छापलंय: 'लिंबू उत्साह'.

निघताना ती बहीण टेबलापाशी आली. अर्थ फोनवरून घेतले होते, तीन-चार पर्याय येतात त्यातला पहिला टाकला, असं तिनं सरळ सांगितलं. नवीन कार्ड छापायचंच आहे, मराठीत काय लिहू? मी म्हटलं, अर्थ देऊच नको, नावंच मराठी दे. साध्या स्कूपला 'मजा' म्हण. मजा फारसी, आणि तिथं तिचा अर्थ चव. तुर्की-लेबनानी हॉटेलांत 'मेझे' म्हणून छोट्या छोट्या बशा मांडतात, तोही हाच शब्द. खाण्याच्या दुकानाला याहून नेमकं काय मिळणार? प्लॅटरला 'मौज'. मूळ अरबी, म्हणजे लाट. चौघं मिळून खातात तेव्हा ती येतेच. आणि सॉर्बेला 'हर्ष'. संस्कृतात हृष् म्हणजे अंगावर काटा उभा राहणं, रोमहर्षक म्हणतो ना. थंडगार आंबट चमचा जिभेवर ठेवला की दुसरं काय होतं? लॅटिनमध्ये याच मुळातून काटा उभा राहण्याचा शब्द झाला, आणि त्यातून इंग्रजीला 'हॉरर' मिळाला.

एवढा वेळ मागे उभा राहून ऐकणारा भाऊ म्हणाला, "म्हणजे हर्ष आणि हॉरर एकच? मग नको, ताई. लिंबू उत्साहच राहू दे."

बाकीची माहिती. दाराशी दोन उंच पायऱ्या, धरायला कठडा नाही, गुडघेवाल्यांनी सोबत न्यावी. स्टुलं उंच आणि बिनपाठीची. भिंतीलगत दोनच खुर्च्या पाठीच्या आहेत, त्या दुपारी मिळतात. दुपारी तीन ते पाच 'हॅपी अवर', दुसऱ्या स्कूपला निम्मे पैसे. 'हॅप' म्हणजे पूर्वीच्या इंग्रजीत नशीब, म्हणूनच 'मिसहॅप' म्हणजे अपघात, तेव्हा त्या वेळात ती खुर्ची मिळाली तर शब्द सार्थ. संध्याकाळी सहानंतर एचपीटी आणि बीवायके कॉलेजांकडची गर्दी सुरू होते, दुचाकी लावायलाही जागा उरत नाही. हात धुवायचं बेसिन स्वच्छ. ऑनलाइन पैसे चालतात, सुट्यांची कटकट नाही. घरपोच मागवू नका, गंगापूर रोडपर्यंत येतायेताच सॉर्बेचं सरबत होतं.

मागवायचं ते असं: पहिल्यांदा सिंपल प्लेझर, आणि द्राक्षाचा हंगाम आहे तोवर आधी फोन करून आजचा स्वाद विचारून घ्या. सोबत लेमन झेस्ट. तिसरं कुणी असेल तर गुलकंद. एक्स्टसी नातवंडांसाठी, एकात दोघं. सोमवारी बंद असतं.